डावीकडे ओढणारी जॉयस्टिक

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

धाकट्या जावयाचा साष्टांग नमस्कार (टेबलाखाली वायरी शोधताना तो हल्ली अनायासे घडतोच आहे). इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे? माझी पाठ धरली आहे, तिचं कारण पुढे येईलच.

तुमच्या वाढदिवसाला तुम्ही बिस्किटांच्या डब्यातून ती जुनी जॉयस्टिक काढलीत, तुमचा विमानाच्या खेळातला विक्रम सांगितलात (दर वाढदिवसाला ऐकतो तोच), आणि म्हणालात की एकदा पुन्हा उडवायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मोठे जावई, म्हणजे आमचे साडू, हात पुढे करणार एवढ्यात मी बोलून गेलो की द्या इकडे, दहा मिनिटांचं काम आहे. (मागच्या खेपेला साडूंनी तुमचा मिक्सर, गिझर आणि सासूबाईंचं घड्याळ एका बैठकीत दुरुस्त केलं आणि मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. माणसाने किती वर्षं टॉर्च धरायचा?) आता रविवारी तुम्ही सगळे येणार. तोवर विमान उडालं नाही, तर या घराण्यात मला जन्मभर टॉर्चच आहे, हे मी ओळखून होतो.

पहिलं घोडं अडलं ते तोंडापाशी. जॉयस्टिकच्या वायरीचं तोंड रुंद आणि भोकाभोकांचं, कॉम्प्युटरची फट चिमुकली. दुकानदाराने दोघांना जोडणारा अडॅप्टर दिला. तो लावला, तर कॉम्प्युटर जॉयस्टिकला माऊस समजू लागला. हे मला कळलं ऑफिसची मीटिंग चालू असताना. लाल बटण सहज दाबून पाहिलं, ते नेमकं कॅमेऱ्याच्या खुणेवर पडलं, आणि साहेबांसकट सगळ्या खात्याला मी बनियनवर, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर धरलेला दिसलो. (साहेबांनी 'कामात दिसताय' एवढंच म्हटलं. माणूस थोर आहे.)

ते सेटिंग बदललं, तुमचा तो जुना खेळ कॉम्प्युटरवर चढवला आणि विमान एकदाचं उडालं, पण डावीकडेच. काही केलं तरी डावीकडे वळून डोंगरावर आदळायचं. मी अडॅप्टर बदलला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला चार शब्द सुनावले. मग जॉयस्टिक उघडली, कापसाने पुसली, पुन्हा बंद केली, तर एक स्प्रिंग बाहेरच उरली. पुन्हा उघडताना ती उडाली, तिच्यामागे मी कपाटाखाली गेलो. स्प्रिंग मिळाली, बसलीही, पण माझी पाठ तिथेच राहिली. शेवटी तुमची लेक भाजी चिरायची सोडून आली, जॉयस्टिक मांडीवर घेतली, दांडी अंगठ्याने किंचित उजवीकडे दाबून धरली आणि विमान सुतासारखं सरळ नेलं. "बाबा अशीच धरायचे," म्हणाली, "ती पहिल्यापासून डावीकडे ओढते." मग इतके दिवस गप्प का बसलीस, हे मी विचारलं नाही. (विचारलं. "तू कुठे विचारलंस?" असं उत्तर मिळालं. डबा देताना तुम्हीही काही बोलला नाहीत, हे मी मनात ठेवलेलं नाही.)

तर काम फत्ते आहे. रविवारी साडूंच्या देखत 'धाकट्याने करून दाखवलं' एवढं म्हणालात की भरून पावलो. सासूबाईंना नमस्कार.

आपला,
टॉर्चमुक्त जावई

ता. क. : पहिला डाव साडूंना द्या. अंगठ्याचं त्यांना सांगू नका.

आणखी एक ता. क. : हे लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. काल तुमच्या लेकीने तुमचा विक्रम मोडला. मी टाळ्या वाजवल्या, तर तिने झटकन कॉम्प्युटरच बंद केला आणि बाबांना कळता कामा नये म्हणून मला दम भरला. नंतर बराच वेळ ती जॉयस्टिक मांडीवर घेऊन बसली होती. रविवारी ती तुमच्याशी मुद्दाम हरणार आहे. तुमच्या लक्षात येईलच, पण चेहऱ्यावर दाखवू नका, एवढी विनंती. हरणार मीही आहे, फक्त ते मुद्दाम नसेल.