आमच्या शाळेतला अर्थतज्ज्ञ

५ जून
सरकारने ठरवलंय, यंदापासून शाळेत अर्थशास्त्र आणि आर्थिक साक्षरता शिकवायची. अनुदान, पुस्तकं, शिक्षकांना ट्रेनिंग, सगळं देणार. आमच्या शाळेतून माझी निवड. मी चित्रकला शिकवतो, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! मुख्याध्यापिका म्हणाल्या की तुमचेच तास रिकामे असतात. बाईंची कौतुकाची पद्धत जरा आडवळणाची.

१४ जून
ट्रेनिंग झालं. पहिला दिवस उद्घाटनात, दुसरा समारोपात. मध्ये चहा. प्रोजेक्टर चालेना, म्हणून शिक्षण खात्याच्या साहेबांनी चक्रवाढ व्याज हातवारे करून दाखवलं. सर्टिफिकेट मिळालं.
घरी सांगितलं, आजपासून हिशेब माझ्याकडे. बायको म्हणाली, मग विजेचं बिल भरून या, आज शेवटची तारीख. पहिल्याच दिवशी इतक्या किरकोळ कामात पडणं बरं दिसलं नसतं. तिनेच भरलं.

२२ जून
संकल्प: जे शिकवायचं ते आधी आचरणात आणायचं.
मेहुणा आला होता. त्याच्या ओळखीत योजना आहे. नऊ महिन्यांत दामदुप्पट. कागदपत्रं विचारली, तर म्हणाला, भाऊजी, इथे सगळं विश्वासावर चालतं. पटलं. लेकीच्या कॉलेजसाठीची ठेव बँकेत नुसती गंज खात पडलीये.
बायको म्हणाली, "माझा सख्खा भाऊ आहे, म्हणूनच सांगते. त्याला देऊ नका."
बायका पैशात भावना आणतात. हा मुद्दा वर्गात घ्यायचा.

२५ जून
ठेव मोडली. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? सर्टिफिकेट दाखवलं.

९ जुलै
दहावीवर पहिला तास. लेक याच वर्गात, पुढच्या बाकावर. पुस्तकं नाहीत, कारण अनुदान मंजूर झालंय पण पोचलेलं नाही. फळ्यावर पैशाचं झाड काढलं. पानं फार सुरेख उतरली. शेकडा म्हणजे नेमकं काय, असं एकाने विचारलं. गणिताच्या सरांकडे पाठवला. प्रत्येकाने आपापला विषय सांभाळावा.

३ सप्टेंबर
पुस्तकं आली. धडा चौथा: फसव्या योजना कशा ओळखाव्यात. म्हणे, पैसे दुप्पट करण्याचं आश्वासन, कागद नाही, घाई फार, आणि आणणारा बहुधा नात्यातला. लेखकाला व्यवहाराचा अनुभव दिसत नाही. धडा गाळला. परीक्षेला नाही म्हणून सांगितलं.
जेवताना लेकीने विचारलं, बाबा, चौथा का नाही घेतला? म्हटलं, न शिकवलेलं वाचायची सवय वाईट.

११ ऑक्टोबर
मेहुण्याचा फोन लागेना. योजनेच्या ऑफिसात गेलो. कुलूप. शेजारचा टेलर म्हणाला, बोर्डसुद्धा काढून नेला. म्हणजे मोठ्या जागेत गेले असणार. पोलिसांत इतक्यात जायचं नाही. उगाच बाजारात घबराट.
घरी सांगून टाकलं. बायकोने हिशेबाची वही माझ्यासमोरून उचलून कपाटात ठेवली. ओरडली असती तर उत्तर तयार होतं.

२० नोव्हेंबर
तपासणी. ट्रेनिंगचेच साहेब आले. नेमका चौथा धडा विचारला. वर्ग गप्प. मग लेक उठली. चारही खुणा धडाधड सांगितल्या. साहेब खूश, म्हणाले एखादं उदाहरण दे.
ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या कॉलेजचे पैसे असेच गेले, सर."
कोणी घालवले, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, घरातल्याच एका शिकलेल्या माणसाने.
मी फळा पुसायला घेतला. खडूची धूळ फार साचली होती.
नंतर ऑफिसात मुख्याध्यापिका साहेबांशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. माझ्या पुरस्काराचंच असेल.

८ डिसेंबर
अंदाज खरा ठरला! शिक्षकांच्या मोठ्या ट्रेनिंगला मला थेट स्टेजवर बोलावलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टेबलावर माझ्या नावाची पाटी. नावाखाली छापलेलं: फसवणूकग्रस्त.
साहेब माईकवर म्हणाले, सर्टिफिकेट असलेल्या शिक्षकाचीही ही गत, तर या विषयाची किती गरज आहे बघा. टाळ्या पडल्या. पडल्या म्हणून उठून नमस्कार केला.
घरचे हिशेब आता पुन्हा बायकोकडे. बसभाडं तिने जाण्यापुरतंच दिलं होतं. परतीचं सरकारी भत्त्यातून करा म्हणाली. भत्ता पुढचं अनुदान आल्यावर मिळेल.
चालत आलो.