ह्यांचा पोहण्याचा क्लास

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
९ मार्च २०२५

ती. अक्का,

नीलाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मिरजेत एव्हाना ऊन तापायला लागलं असेल. इथे अजून सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो. तुम्ही पाठवलेलं मेतकूट पोचलं. तुमच्या भावाला मऊ भातावर घालून देते, डाव्या हातानं सावकाश खातात.

खरं तर फोनवरच बोलले असते, पण परवा तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "नीला, तू माझ्या चारूचा जीव घ्यायला निघालीस का," एवढं म्हणालात आणि रडायला लागलात. रडणाऱ्या माणसापुढे काय बोलायचं? पत्राचं बरं असतं, मध्ये कुणी तोंड घालत नाही.

तर क्लासबद्दल.

दिवाळीत झटका आला तेव्हा ह्यांची उजवी बाजू गेली आणि सोबत इंग्रजीही गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागाहून शिकलेली भाषा जाते आणि घरची राहते. ज्या इंग्रजीत ह्यांनी जन्मभर हॉस्पिटलातल्या नर्सना रडवलं, त्यातलं येस-नोसुद्धा उरलं नाही. चेहरा एका बाजूनं ओघळला आहे आणि मान सारखी लटलटते, त्यामुळे नुसतं बघून परक्या माणसाला काही कळत नाही. ह्यांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवायला आता मीच.

पाण्यातले व्यायाम करा, असं थेरपिस्टनं सुचवलं. तिच्या मनात कमरेएवढ्या पाण्यात चालणं होतं. मी म्हटलं, एवढ्यावर कशाला थांबायचं? जवळच एक खासगी क्लास निघाला. कुठल्याही वयाचा, कसल्याही अडचणीचा माणूस चालतो, एकेकट्याला शिकवतात. हेदर म्हणून मुलगी आहे, स्वभावानं अगदी लोणी. तिचा नियम एकच, पाण्यातला माणूस नको म्हणाला की लगेच बाहेर. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "आय नेव्हर पुश एनिबडी."

मला हसू आलं, आणि तुमची मळ्यातली विहीर आठवली. लग्नानंतर तुम्हीच ती मला कौतुकानं दाखवली होतीत. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि वरून द्यायचं ढकलून. "आमच्या घरात सगळे असेच शिकले, चारू तर न रडता शिकला," असं म्हणाला होतात.

आता हे पाण्यात काय म्हणतात, ते ह्यांनी तुम्हाला सांगितलंच आहे. "मला बाहेर काढा," म्हणतात. अगदी स्पष्ट म्हणतात, उच्चार छान सुधारलेत. हेदर काठाकडे वळून मला विचारते, "व्हॉट इज ही सेइंग?"

"ही सेज इट फील्स लाइक होम," मी सांगते.

मग ती खूश होऊन ह्यांना आणखी थोडं खोल नेते. खाली पाय लागेनासे झाले की हे माझ्याकडे बघतात. मी हात हलवते.

अडचण एकदाच आली. शेजारच्या लेनमध्ये पायल नावाची मुलगी पोहायला शिकत होती. नागपूरची, इथे डेटा सेंटरमध्ये आहे. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काकू, काका बाहेर काढा म्हणतायत. तुम्हाला ऐकू येत नाहीये का?" मी म्हटलं, "अगं, स्ट्रोकनंतर काहीही बडबडतात, लक्ष देऊ नकोस." तिला ते पटलं नाही. जाता जाता हेदरशी काहीतरी बोलली.

पुढच्या खेपेला पायल नव्हती. हेदरनं ह्यांना मध्यावर धरलं आणि मला म्हणाली, "नीला, प्लीज आस्क हिम. थम्स अप, ही लाइक्स इट. थम्स डाउन, वी स्टॉप."

मी काठावर वाकून ह्यांना विचारलं, "अहो, बाहेर यायचंय ना? मग अंगठा वर करा, म्हणजे ती लगेच काढेल."

अक्का, ह्यांनी इतक्या तत्परतेनं माझं काही ऐकलेलं मला आठवत नाही. हेदरचा खांदा सोडून डावा हात पाण्याबाहेर काढला आणि अंगठा उंच धरला. त्या नादात नाकातोंडात पाणी गेलं, तरी अंगठा खाली आला नाही. हेदरनं शाबासकी दिली आणि वेळ वाढवून दिला. अंगठ्याचं तिनं पायललाही सांगितलं, त्यामुळे तिची आता समजूत पटली आहे. परवा भेटली तेव्हा सॉरी म्हणाली.

तुम्ही मिहीरलाही फोन केलात, "आईला आवर" म्हणून. बेलव्ह्यूहून त्याचा मला लगेच फोन आला. तुम्ही पहिल्यांदा अमेरिकेला आला होतात, आपण नायगराला निघालो होतो, तेव्हाचं मोटेल तुम्ही कदाचित विसरला असाल. मिहीर पहिलीत होता. ह्यांनी त्याला तिथल्या पूलच्या खोल बाजूला फेकलं, आणि तेही डब्याशिवाय. तो वर आला, "बाबा, बाहेर काढा" ओरडत काठाला धरलं, तर ह्यांनी बुटाच्या टोकानं त्याची बोटं सोडवली. तीनदा-चारदा तरी सोडवली असतील. मी धावले तर तुम्ही माझा दंड धरलात. "नीला, तू मध्ये पडू नकोस, मुलं अशीच तयार होतात." तुमच्या बांगड्यांचे वळ मला नंतर किती दिवस दंडावर दिसत होते.

मिहीर तयार झाला खरा. सूनबाई, अनया, सांगत होती, तुमचा भाचा अजून अंघोळीला तोंडावर पाणी घेत नाही, ओल्या टॉवेलनं पुसतो. त्यानं मला एवढंच विचारलं, "बाबा ओरडतात?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "आई, व्हिडिओ पाठव." पाठवला.

मला बरं वाटतं, अक्का. तुमच्यापासून कशाला लपवू? संसारात इतकं बरं मला क्वचितच वाटलं होतं. डॉक्टरही खूश आहेत, हातात ताकद येते आहे म्हणतात. उन्हाळाभर क्लास चालू ठेवणार आहे.

रविवारचा फोन मात्र आता बंद करते. तुमच्याशी बोललं की ह्यांना फार दम लागतो, नंतर जेवत नाहीत. काही विचारायचं असलं तर मला लिहा, मी वाचून दाखवीन आणि ह्यांचं उत्तर कळवीन. आत्ताही समोर बसलेत. "अक्कांना काय लिहू?" म्हणून विचारलं तर पुष्कळ बोलले, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. सगळं लिहीत बसत नाही, थोडक्यात सांगते. मजेत आहेत, नीला माझं सगळं नीट करते म्हणतात.

आपली,
नीला