पूर्ण बाह्यांचा पोहायचा पोशाख

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल गुंतवणूकदारांपुढे आपला पोशाख मांडून आले. लांबलचक टेबल, पलीकडे पाच माणसं. मी कापड ताणून दाखवलं, ओलं करून दाखवलं, ऊन किती अडवतं त्याचा प्रयोगशाळेचा कागद फिरवला. एकाने विचारलं, उन्हाची एवढी भीती असेल तर लोक सावलीत नाही का बसणार? मी म्हटलं, उघड्या तलावात सावली कुठून आणायची? सगळे हसले. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, की हा धंदा तुम्हालाच का सुचला.

मी दादाचं सांगितलं. एकोणीस वर्षं उन्हात उभं राहून पोहायला शिकवलं, मानेवरच्या डागाकडे काणाडोळा केला, डॉक्टर कर्करोग म्हणाले तोवर उशीर झाला होता, जाऊन आठ महिने झाले. वहिनी, कापडाचा पन्हा सांगावा तसं सांगितलं मी. आवाजही हलला नाही. स्वतःची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

त्यांना सगळं पटलंय. अट एकच: जाहिरातीत दादाचा इस्पितळातला, मानेला पट्टी बांधलेला फोटो हवा. माझ्या फोनमध्ये होता, मीच दाखवला. हो म्हटलं तर कारखाना उभा राहील. वहिनींना विचारते, असं मी म्हटलं. तुम्ही सांगाल ते. माझं डोकं चालत नाही.

माया आहेच, ती असू द्या.
तुमची नणंद,
खारू

९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, तरी लागलं. इकडे ठीक. शिलाई मशिनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला. जेवते, झोपते. शेजारीण म्हणते, मी खंबीर आहे. खंबीर कसली गं, दगड झालेय. लोकांना फरक कळत नाही. तेव्हा लाजबीज काढू नकोस. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

फोटो द्यायचा नाही. रागावून म्हणत नाही, रागसुद्धा येत नाही. फोटो काढायचा म्हटलं की हे कसे पोट आत ओढून उभे राहायचे, आठवतं ना? त्या फोटोत तेवढंही त्राण उरलं नव्हतं. तो यांनी परक्याला पाहू दिला नसता. कारखाना नाही झाला तर मी एकेक शिवेन.

वेळेवर जेव. इथे तुझी वाट पाहणारं माणूस आहे, एवढं लक्षात ठेव.
तुझी वहिनी

१७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आपला नकार सांगून आले. त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले, चेहरा काढला तर नुसतं कापड उरतं. त्यांनी फाइल मिटली, हात मिळवला, अकरा मिनिटांत मी जिन्यात. आता वाईट वाटेल, म्हणून कठडा धरून थांबले. वाटलं नाही.

मागून त्या वयस्कर बाई आल्या. म्हणाल्या, फोटो मागितला तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं. मग विचारलं, हा पोशाख घालून पाण्यात कोण उतरलंय? आपण तो बादलीत बुडवला, नळाखाली धरला. घालून कुणीच पोहलं नाही! आधी वापरून पाहा, मग माझ्या एकटीकडे या, म्हणाल्या.

वहिनी, मला पोहता येतं, पण तलावाकडे पाऊल उचलत नाही. तुम्हाला तर पोहताच येत नाही. आता कसं करायचं, ते कळवा.

तुमच्या मायेवरच चाललंय.
खारू

२५ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मीच गेले. तलावावर आता एक मुलगी शिकवते, यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने ओळखलं. हात धरून उथळ बाजूला उतरवलं.

लिहून घे. पाठीत हवा शिरून फुगा होतो, कंबर आवळायला हवी. चेन हनुवटीला टोचते. बाह्या छान बसतात. पोहायला आलेल्या दोघींनी विचारलं, कुठे मिळतो. एवढं घेऊन त्या बाईंकडे जा.

पुढचं त्यांच्यासाठी नाही. हळूहळू पुढे सरकून गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. पाणी गार होतं. खारू, मला गार लागलं. दात वाजायला लागले. ती मुलगी म्हणाली, काकू, बाहेर या. मी म्हटलं, थांब गं, जरा लागू दे.

सवडीने ये.
तुझी वहिनी