काचेच्या पाटीबद्दल मालकांचं मत

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. आत एक गरम टोपी (यांना घट्ट होते), दोन जोड मोजे आणि तुझं पत्र. वर टपालाचे एकशे ऐंशी लागलेले पाहिले. एवढ्यात इथं आणखी तीन जोड आले असते, पण भावाच्या मोज्यांचा असा हिशेब करू नये, म्हणून वहीत नुसतं 'भेट' लिहिलं. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर गाड्यांच्या आराखड्यांवर वाकून बसतोस, मधूनमधून उठत जा. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक, एक गाडी सोडून.

तू विचारलंस की तुमच्या कारखान्याच्या त्या दोन सीटच्या लाल गाडीची आतली मांडणी मालकांना कशी वाटते, कारण ती आता बदलायची आहे, आणि मत देणाऱ्यांना नवी मांडणी फुकट बसवून मिळेल. फुकट म्हटल्यावर यांनी तशीच गाडी असलेल्या दोघा मित्रांना लगेच बोलावलं. (चहा तीनदा झाला. तो फुकट नव्हता.) राग मानू नकोस, पण सगळी बटणं काढून तू जी काचेची पाटी बसवलीस, तिच्यावर तिघांनी पोटभर तोंडसुख घेतलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, रस्ता बघायला एक चष्मा आणि पाटी वाचायला दुसरा. चष्मा बदलेपर्यंत वळण येऊन जातं. बेकरीवाल्यांचं बोट म्हणजे पाव (शब्द त्यांचेच). गाणं लावायला जावं तर सीट तापते, आणि सीट थंड करायला जावं तर डोक्यावरचं टप उघडतं. जुन्या गाडीतलं गोल बटण न बघता फिरवता यायचं, हे सांगताना ते इतके गहिवरले की मला वाटलं, घरातलं कुणी गेलं की काय.

यांचं तर विचारूच नकोस. मागच्या आठवड्यात यांचे जुने साहेब हॉस्पिटलात होते, म्हणून हे एकटेच भेटायला गेले. फाटकाशी गार हवा कमी करायला पाटीला बोट लावलं, आणि गाडीने शर्यतीचा आवाज धरला. गाडी डरकाळ्या फोडतेय, हे पाटीला जिकडेतिकडे टोचताहेत आणि रखवालदार काठी घेऊन धावत येतोय! (साहेब मात्र बऱ्याच दिवसांनी आपल्या पायांनी उठून खिडकीशी आले. पुन्हा या, असा त्यांच्या सूनबाईंचा निरोप आहे.)

तेव्हापासून पाटीचं काम माझ्याकडे आलं. रोजच्या जपाने बोटं हलकी झालीत, नुसतं टेकवलं की पाटी ऐकते. मी शेजारी माळ घेऊन बसते. "अगं, हवा" म्हटलं की हवा, "अगं, आवाज" म्हटलं की आवाज. गाडी नवी होती तेव्हा "तुला कशाला दगदग" म्हणून मला कोपऱ्यापर्यंतही न नेणारा माणूस आता चपला घालून दारात उभा असतो, "आटपलं का तुझं?" काल तळ्यापर्यंत जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. पेट्रोल जळलं, पण मी बोलले नाही.

असो. मालकांचं एकमताने म्हणणं असं की पाटी काढावी आणि गोल बटणं परत द्यावीत, सगळी चालवणाऱ्याच्या हाताशी. ऐकलं तसं कळवलं.

तुझी,
ताई

ता. क. टोपी परत पाठवत नाही. मला बरोबर बसते, आणि टप उघडलं की कानाला वारा लागतो.

ता. क. दुसरा. वरचं मत मालकांचं. माझं कुणी विचारलं नाही, गाडी यांच्या नावावर आहे ना! बटणं परत दे; चष्मा बदलता बदलता उद्या कुणाला धक्का लागला तर देव मला जाब विचारेल. पण सगळी यांच्या हाताशी नकोत. हवेचं तेवढं माझ्या बाजूला, पार दाराजवळ, यांचा हात पोचणार नाही असं बसव. यांना दर पाच मिनिटांनी उकडतं. जमेल का, ते उलट टपाली कळव, आणि पाकिटावर माझं नाव घाल.