तहकूब सभेची तारीख

२८ एप्रिल २००८
आज दोन अर्ज लिहिले. एक माझा, एक फुलवंताचा. दोन्ही माझ्याच अक्षरात. घरोघर आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाची जागा एकच, गाव अन् नाल्यापलीकडची गोंड वस्ती, म्हणजे टोला, मिळून. फुलवंता टोल्यावरची. शिवणवर्गापासून आमची जोडी, अन् तिचे सारे अर्ज मीच लिहिते. सही करताना म्हणते कशी, "दोघीतली कोणीबी लागो, घरातच रायते." मी हसली. मनात म्हणलं, मलेच लागो. पाटलाची लहान सून, एवढंच नाव राहिलं आहे माझं. 'आशाताई' हेही सरकारनं दिलेलं नाव म्हणा. पण ते माझ्या कामाचं तरी असेल.

१ मे
झेंडावंदन, मग ग्रामसभा. टोल्यावरच्या बाया तेंदूपत्ता तोडणं सोडून आल्या, मजुरी बुडवून. गावातलेच आले नाहीत. लग्नसराई! सचिवानं माणसं मोजली अन् म्हणाला, गणपूर्ती नाही, सभा तहकूब, निवड पुढच्या वेळी.
फुलवंता तापली. "आता पुन्हा कवा?" सचिव म्हणे, कळवू.
जाताना माझा हात धरला. "तारीख समजली का मले सांगजो व. तुया घरी पहिले समजते."
खरंच आहे. मामाजी, सासरेच माझे, पंचायतीत मेंबर. सांगीन म्हणलं.

४ मे
मामाजी जेवता जेवता बोलले. ८ तारखेले, सकारी आठले. तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाही, जेवढे येतील तेवढ्यात निवड.
सासूबाई म्हणाल्या, "सकारी आठले टोल्यात कोन भेटते? सारे जंगलात."
"मंग आपन काय करावं? मुनादी होईलच ना, कोतवाल दवंडी देईल."
मी वरण वाढत होती. वाढतच राहिली.

६ मे
कोतवालानं मुनादी दिली. मारुतीच्या देवळापर्यंत गेला, तिथूनच परत. नाला ओलांडला नाही, ऊन म्हणे.
दोनदा चप्पल घातली. एकदा सासूबाईंनी पापडाले बसवलं. दुसऱ्यांदा कोणीच अडवलं नाही, माझी मीच काढून ठेवली. टोला काय लांब आहे? नाला उतरला की आलाच.

७ मे
फुलवंता किराणा दुकानात दिसली, पाठमोरी. मी गल्लीत वळली. चोट्टी कुठची, मीच.

८ मे
झालं. हात वर झाले, माझं नाव लागलं.
सचिवानं फुलवंताचा अर्ज वाचला. "अर्जदार हजर?" कोणी बोललं नाही. मीही नाही. ऐकून राहिली होती, माझीच वाक्यं.
मामाजींनी साऱ्यांना चहा पाजला. सचिव म्हणाला, कोणाची हरकत असेल तर १५ पर्यंत लेखी द्या.
आनंद झाला. खोटं कायले लिहू, झालाच. 

१० मे
ती स्वतः आली. पळसाच्या पानात चारं घेऊन, चारोळीची पिकलेली फळं, जंगलातली. "लागलीस ना वो! मले वाटतच होतं."
मग म्हणाली, "कोतवाल मेला आलाच नाही टोल्यावर. तुले मालूम असतं तं तू सांगतलंच असतं."
मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. माठापाशी उभीच. बाहेर आली तर ती माझ्या लेकराची वेणी घालून राहिली होती.
चारं पोरांनी संपवली. मी एकच खाल्लं.

१२ मे
चिचगडच्या दवाखान्यातून सिस्टर आली. तिच्यासोबत टोल्यावर गेली. बाया माझ्याशी बोलेचनात. शेवटी फुलवंतानंच हाताला धरून घरोघर नेलं. गोंडीत काहीबाही सांगायची, मग माझ्याकडे बोट करून, "आपलीच होय." मग बाया बसा म्हणायच्या.
सिस्टर तिच्याकडे पाहून म्हणाली, "हिनं अर्ज नव्हता केला का?"
मी म्हणलं, केला होता.
"मग?"
उत्तर फुलवंतानं दिलं. "नसीब, सिस्टर."
काय नसीब! नसीब तिच्या बाजूला उभं होतं, गोळ्यांची पिशवी धरून. परत येताना सिस्टर ट्रेनिंगचं सांगत होती, देवरीला, कधी अन् कसं. काहीच डोक्यात शिरलं नाही.

१४ मे
गेली. फुलवंता तिच्या अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती. बसलीही नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मले मालूम होतं. चार तारखेपासून मालूम होतं.
वाटलं शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या. तिनं हातातला पुडा बांधून घेतला, ओळीत ठेवला.
"काऊन पण?"
"मले पाहिजे होती म्हणून."
रस्ताभर मामाजी, कोतवाल, पापड, सारं जमवून नेलं होतं. तोंडातून एवढंच निघालं.
तिनं आणखी एक पुडा बांधला. मग म्हणाली, "हरकतीचा उद्या आखरी दिवस ना?"
हो म्हणलं.
"मंग लिहून आण. माहे अर्ज तं तूच लिवतेस."
रागानं म्हणाली का थट्टेनं, काही समजलं नाही. ना बस म्हणाली, ना जा.
घरी येऊन कागद घेतला. मा. सरपंच साहेब यांस. विषय, आशा निवडीवर हरकत. एवढं पटकन उतरलं. मग 'कारण' आलं अन् पेन थांबला.
मामाजींनी विचारलं, "काय लिवून राहिली वो?"
"अर्ज."
"कोनाचा?"
फुलवंताचा, म्हणलं. मामाजी तिथंच उभे राहिले.
कारण लिहिलं, मुनादीपासून माझ्या गप्प बसण्यापर्यंत सारं. खाली तिच्या सहीपुरती जागा सोडली. करेल की नाही, माहीत नाही. करू नये असं अजूनही वाटते, देवा. उद्या ती तेंदूपत्त्याले निघायच्या आधी नाला ओलांडला पाहिजे. फार लवकर निघते ती.