रादोयेने आवळलेले चार बोल्ट

सोमवार, २७ ऑक्टोबर
आजपासून नोंद ठेवायची. धाकटा भाऊ रादोये गेला, त्याचं गॅरेज आता मी बघणार. रादोयेची लाल गाडी स्टँडवर तशीच उभी आहे. शेवटच्या संध्याकाळी त्याने तिला नवा वॉटर पंप बसवला. म्हणजे काम झालेलंच आहे. पाणी भरायचं, किल्ली फिरवायची आणि पंधरा नोव्हेंबरला, तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, आईला याच गाडीतून कबरीवर न्यायचं. तसं आईला सांगितलं. तिने मान हलवली. होकार असावा.

संध्याकाळी. पाणी भरलं. खाली गळलं. सगळं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
शेजारच्या बेकरीतला व्लायको गरम बुरेक, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची रोटी, घेऊन आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, “सर, पंपाखाली पॅकिंगच नाही. ते बघा, टेबलावर पडलंय. विसरला बिचारा.”
मी सांगितलं, रादोये काही विसरत नसे. ते पॅकिंग जादाचं आहे.
“मग गाडीखालचं तळं पण जादाचंच म्हणायचं.”
बुरेक चांगला होता. चीजचा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
पंप उघडायचं ठरवलं. पॅकिंगसाठी नाही, केवळ खात्री म्हणून. चार बोल्ट. हवेवर चालणारा रॅचेट पाना खिळ्याला टांगलेला आहे, माहितीपत्रकही सापडलं. बावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आहे. हवेचा दाब हा माझाच विषय. काम सुरू करण्यापूर्वी पाइप जोडायच्या तोंडात पान्याचं तेल दोन थेंब सोडावं, असं लिहिलंय. ते तेल सापडलं नाही. आईचं सूर्यफुलाचं सोडलं. तत्त्व तेच.

रविवार, २ नोव्हेंबर
पाना फिरला. बोल्ट नाही. पान्याने तेलपाण्याचा फवारा दाढीत मारला. (चाळिसाव्यापर्यंत दाढी करायची नसते, त्यामुळे आता बरीच आहे.) गॉगल घातला नव्हता, पण माझा चष्मा मोठा आहे.
जेवताना आई म्हणाली, “तिहो, तुझ्या दाढीला तळणीचा वास येतोय.”
कारण शोधलं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज काढायला हवं. रोज काढणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर
टाकीतलं पाणी काढलं. तांबडं होतं. बूट गेले. योग्य तेल आणलं. बोल्ट हलत नाही. पत्रकात म्हटलंय, घट्ट बोल्ट आधी हातपान्याने सैल करावा, हवेचा पाना फक्त सैल झालेला बोल्ट पटकन काढण्यासाठी. हातपाना खिळ्यावरून काढला. मूठ रादोयेच्या हाताने गुळगुळीत झालेली. बोल्टवर बसवला. परत टांगून ठेवला. कोपर दुखत होतं. हवाही दमट आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
व्लायको म्हणाला, “मी देतो एक हिसका. बोल्ट आहे सर, लग्नाची गाठ नाही.”
मी म्हटलं, नको, तो त्याच्या हातचा आवळलेला आहे.
व्लायकोने सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. बुरेक ठेवून गेला. मला म्हणायचं होतं की योग्य जोराने आवळलेला आहे. उद्या खुलासा करावा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मोठी प्रगती! पान्यावर लिहिलेल्यापेक्षा दाब जास्त ठेवला. ती मर्यादा सामान्य माणसांसाठी असते. तीन बोल्ट निघाले. पाना हातात धरवेना इतका तापला. पान्याच्या तोंडाचं सॉकेट बदलताना पाइप काढायचा राहिला आणि ट्रिगर कोपराखाली आला. सॉकेट उडून आईने कालच भरून इथल्या फळीवर ठेवलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरणीवर बसलं. भिंत लाल. दारावर चिकटवलेल्या मृत्यूच्या छापील सूचनेवर एक थेंब पडला, रादोयेच्या फोटोला लागला नाही.
उरला एक. लांबडा, मागचा, गाडीच्या पत्र्याजवळचा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सूट इस्त्री केला. आई म्हणाली, “मी बसची वेळ विचारून ठेवलीय.” मी हसलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी
एकच बोल्ट. पाच मिनिटं. सूट घालूनच जातो.

रात्री, डाव्या हाताने
घडलं ते असं. बोल्ट बाहेर येतो तसा पानाही त्याच्याबरोबर मागे सरकतो. मागे पत्रा होता. मधे माझी बोटं. ट्रिगर सोडला, तरी पाना रुतलेलाच. उलट फिरवायचं बटण पत्र्याच्या बाजूला. फोन टेबलावर.
दाराबाहेरून आईने विचारलं, “तिहो, येतोस ना?”
मी म्हटलं, पाच मिनिटं. तुम्ही व्हा पुढे.
ती व्लायकोबरोबर बसने गेली. मी दुपारपर्यंत इंजिनावर वाकून उभा. एकदा ओरडून बघितलं. मला सवय नाही, आवाज गॅरेजच्या बाहेर गेला नसावा.
कबरीवरून ते सरळ इकडेच आले. व्लायकोने दारातूनच विचारलं, “काय सर, गाडी सोडत नाही वाटतं?” आणि भट्टीची लोखंडी सळई आणायला पळाला. आई जवळ आली. हातात प्रसादाचे गोड गहू. तिने एक चमचा माझ्या तोंडात घातला.
“रादोयेची बोटं पण अशीच अडकली होती, गॅरेज उघडलं त्याच आठवड्यात,” ती म्हणाली. “त्यालाही असंच भरवलं होतं. तो मात्र हाका मारायचा.”
मी गहू चावत राहिलो.
आधी हवेचा पाइप काढायला मी व्लायकोला सांगितलं. सुरक्षेचा नियम आहे. मग त्याने पत्रा वाकवला. पोचा आला. आईने कबरीवर ओतून उरलेली वाइन थोडी जमिनीवर ओतली, रादोयेसाठी, आणि थोडी माझ्या बोटांवर.

गुरुवार, २० नोव्हेंबर
दोन बोटं प्लास्टरमध्ये. शेवटचे आटे हातपान्याने, डाव्या हाताने काढले. वेळ लागला. पंप सुटला. खाली पॅकिंग नव्हतं.
विसरला होता.
पॅकिंग बसवलं. चारही बोल्ट हाताने आवळले. पाणी गळत नाही. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.
आईला बोलावलं. ती काळा कोट घालून पुढच्या सीटवर बसली. कुठे जायचं, विचारलं. कोटाची बटणं लावत म्हणाली, “पाव संपलाय.”
बेकरी शेजारीच आहे. गाडीने गेलो.