चुकांची वही

धाकट्या डॉक्टरीणबाई,

आईने काल फोनवर विचारलं, "धाकटीने पाठवलेली वही मिळाली का गं?" मी चक्क नाही म्हणाले. खरं तर अभ्यासातल्या चुका उतरवलेली तुझी ती चुकांची वही आठ दिवस माझ्या उशाखाली आहे.

या नव्या शहरातले बसचे नंबर मला अजून पाठ झालेले नाहीत. पदवी घेऊनही मी मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांशेजारी बसते, आणि तू मात्र पहिल्याच फटक्यात मेडिकलला लागलीस. जळफळाट होतो गं. म्हणून रोज चहा पिताना मी तुझ्या चुका वाचते. 'प्रत्येक धमनीत शुद्ध रक्त असतं' या तुझ्या वाक्यावरची लाल फुली पाहून तर मी एकटीच खदखदून हसले. खालच्या उत्तरांकडे मी ढुंकूनही पाहत नव्हते.

आज क्लासच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. घाईत तुझंच वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि मी ते ठोकून दिलं.

खोलीवर येऊन वही उघडली. फुलीखाली लिहिलं होतं, 'वेडाबाई, रक्त हृदयापासून दूर नेते ती धमनी. फुप्फुसाकडे जाणारीत अशुद्धच असतं.' अक्षर माझं होतं. तू अकरावीत असताना मीच ते लिहून दिलं होतं.

त्याखाली तुझं बारीक अक्षर: 'ताईने सांगितलंय, आता नाही विसरणार.'

शब्द पाळलास, कार्टे.

हे पत्र मी त्या वहीतच ठेवतेय. आणि वही तर मला मिळालेलीच नाही.

तुझी,
मास्तरीण ताई